जुन्या शेव्हरोले पिकअपचा एसी कॉम्प्रेसर: दुरुस्त करायचा की बदलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकअपला मराठीत ट्रक म्हणताना जीभ जरा अडखळते. आपल्या डोक्यातला ट्रक म्हणजे मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेला. अमेरिकेत मात्र ट्रक म्हणजे हाच: पुढे तिघांची बाकासारखी सीट, मागे उघडा हौदा. माझ्याकडे १९७९ची शेव्हरोले सी-१० आहे. १९७३ ते १९८७ या काळात निघालेल्या या चौकोनी तोंडाच्या गाड्यांना इथे ‘स्क्वेअर बॉडी’ म्हणतात. मी फिनिक्सला राहतो. २०२३च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस दुपारचा पारा ४३ अंशांच्या वर गेला होता, त्यामुळे नागपूरकरांनी उन्हाच्या गप्पा मला सांगू नयेत. अशा गावात एसी ही चैन उरत नाही.

गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या तीन-चार मराठी मंडळींनी असे जुने ट्रक घेतले. गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेतसुद्धा ‘अहो, तो कॉम्प्रेसर...’ अशी सुरुवात होते. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

एसीतून गरम हवा येते. कॉम्प्रेसर गेला असं समजू का?

नका समजू. निम्म्याहून जास्त वेळा कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबून फिरवणारा पंप, ठणठणीत असतो आणि बिचाऱ्यावर नाहक आळ येतो.

बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा, एसी पूर्ण थंडीवर लावा आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे बघा. पट्ट्याबरोबर पुली कायम फिरते. तिच्या पुढची क्लचची थाळी मात्र मागच्या कॉइलमध्ये वीज आली की ‘टक्’ करून चिकटते आणि मगच कॉम्प्रेसर फिरू लागतो. थाळी स्थिर असेल तर तीन शक्यता: गॅस संपलाय म्हणून प्रेशर स्विचने वीज तोडली आहे, फ्यूज किंवा वायर गेली आहे, नाहीतर क्लचच थकला आहे.

इंजिन बंद करून क्लचच्या कॉइलला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. ‘टक्’ ऐकू आलं तर कॉइल जिवंत आहे. मल्टिमीटरवर तिचा रोध साधारण ३ ते ४ ओहम दिसायला हवा.

एक लक्षण खास ध्यानात ठेवा. सकाळी क्लच लागतो, अर्ध्या तासाने सुटतो, गाडी थंड झाली की पुन्हा लागतो. इथे बहुतेक थाळी झिजून पुलीपासून लांब गेलेली असते. गरम झाल्यावर कॉइलचा रोध वाढतो, चुंबक कमजोर होतं आणि तेवढं अंतर त्याला ओढवत नाही. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघा. ही फट ०.०२० ते ०.०३० इंच असली की मी समाधानी असतो. फट कमी केली की पाचशे डॉलरचं वाटणारं काम एका दुपारच्या मेहनतीत होतं.

गेज लावलं. इंजिन बंद असताना दाब चांगला दिसतो. म्हणजे गॅस पुरेसा आहे ना?

नाही. घरचा गॅस सिलिंडर आठवा: शेवटच्या दिवसापर्यंत शेगडी तशीच पेटते, कारण आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. इथेही तेच. २७ अंश सेल्सियसला एसीतला जुना गॅस आर-१२ असो की त्याच्या जागी आलेला आर-१३४ए, बंद गाडीतला दाब ८५ पीएसआयच्या आसपास दिसतो. गॅस भरपूर असला तरी तेवढाच, बेताचा असला तरी तेवढाच. दाब शून्याजवळ असेल तर गॅस गेलाय, एवढं मात्र हे गेज खात्रीने सांगतं. किती उरलाय हे चालू गाडीवर कळतं, आणि पक्कं हवं असेल तर सगळा काढून वजन करावं लागतं.

माझ्या ट्रकवर कोणता कॉम्प्रेसर आहे?

या गाड्यांवर दोन प्रकार भेटतात. लांबट, फूटभर नळकांडं दिसलं तर तो ए-६. जवळजवळ १६ किलोचा धोंडा आहे, एकट्याने उतरवताना पाठीला आठवण राहते. आत तिरकी फिरणारी चकती आणि दोन्ही टोकांनी काम करणारे तीन पिस्टन, म्हणून सहा सिलिंडर. आखूड, रुंद, डब्यासारखा दिसला तर आर-४: चार पिस्टन अधिक चिन्हासारखे मांडलेले, वजन जवळपास निम्मं. साधारणपणे सत्तरीतल्या गाड्यांवर ए-६ आणि ऐंशीतल्यांवर आर-४ असतो. पण चाळीस वर्षांत कोणी काय बदललं असेल याचा नेम नाही, म्हणून सालावर न जाता डोळ्यांनी बघा.

हा फरक नुसत्या रूपाचा नाही. ए-६च्या पोटात तेलाचा छोटा साठा असतो. आर-४मध्ये तो नाही. गॅसबरोबर फिरत येणाऱ्या तेलावरच त्याचं भागतं. गॅस गळाला की तेल परत येणं कमी होतं आणि आर-४ कोरडा पडून जाम होतो. गळका आर-४ ‘यंदा चालवून घेऊ’ म्हणून रेटणारे पुढच्या वर्षी माझ्याकडे येतात.

कॉम्प्रेसर खरोखर मेला आहे हे कशावरून?

क्लच लागल्यावर पट्टा किंचाळतो आणि इंजिन दबतं, तर आतून जाम आहे. इंजिन बंद करून क्लचची थाळी हाताने फिरवा. सारखा, हलका विरोध लागला तर बरं. अडकली किंवा खरखर जाणवली तर वाईट. गॅस आहे, क्लच फिरतोय, तरी कमी आणि जास्त दाबाच्या दोन्ही गेजवर जवळजवळ एकच आकडा दिसत असेल, तर आतल्या झडपा किंवा पिस्टन गेले.

याउलट बॉनेटच्या आतल्या बाजूला, क्लचच्या बरोबर वर, तेलाचा आडवा पट्टा उमटला असेल तर ते मरण नव्हे. शाफ्टच्या सीलमधून पाझरलेलं तेल क्लचने भिरकावलेलं असतं. सील बदलता येतं.

आवाजाबद्दलही तसंच. क्लच सुटलेला असतानाही घरघर येते, तर बहुधा पुलीचं बेअरिंग. क्लच लागल्यावरच खडखड सुरू होते, तर आतला माल.

दुरुस्त करू, रीबिल्ट घेऊ की वेगळ्याच जातीचा बसवू?

ए-६ असेल आणि फक्त गळत असेल, तर दुरुस्त करा, असं माझं ठाम मत आहे. जुनं शाफ्ट सील कार्बन आणि सिरॅमिकचं होतं, आता दोन ओठांचं रबरी सील मिळतं आणि ते बरंच चांगलं धरतं. क्लचची थाळी काढायला पुलर आणि सीलची बैठक काढायला खास चिमटा लागतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटायला जाऊ नका, शाफ्टवर एक ओरखडा पडला की नवं सीलही गळणारच.

आर-४च्या पोटावरच्या मोठ्या ओ-रिंगा, म्हणजे गोल रबरी सील, गळण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्या घरी बदलता येतात, पण कवच सरकवावं लागतं आणि पुन्हा बसवताना रिंग चिमटते. मी एकदा केलं. दुसऱ्यांदा नवा आणला.

रीबिल्ट, म्हणजे जुना उघडून नव्याने बांधलेला, घ्यायचा तर आपला जुना परत देऊन अनामत सोडवायची ही इथली रीत. माल बरा-वाईट दोन्ही येतो. काही ठिकाणी रंग मारला की झाला रीबिल्ट. बसवण्यापूर्वी थाळी हाताने फिरवून बघा आणि तोंडावरची बुचं शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. ए-६च्याच बैठकीवर बसणारे अ‍ॅल्युमिनियमचे नवे कॉम्प्रेसरही मिळतात. अस्सल रूप हवं आणि वजन नको, अशांना ते उत्तम.

तिसरा रस्ता सँडेन कंपनीच्या कॉम्प्रेसरचा. एसडी-५०८ हा पाच पिस्टनचा लहान, गुळगुळीत चालणारा कॉम्प्रेसर लोक सर्रास बसवतात. मात्र आकडे बघा. एका फेऱ्यात ए-६ सुमारे १२.६ घनइंच गॅस ओढतो, आर-४ १० आणि ५०८ फक्त ८.४. म्हणून त्याला लहान पुली देऊन जास्त वेगाने फिरवतात. सात पिस्टनचा ७एच१५ सुमारे ९.५ घनइंचांचा आहे, मोठ्या केबिनला मी तो सुचवेन. शिवाय ब्रॅकेट वेगळं, होजची, म्हणजे रबरी नळ्यांची, टोकं नव्याने दाबून घ्यायची, पट्ट्याची रेघ जुळवायची. पट्टा दोन मिलिमीटर तिरका गेला तरी महिन्याभरात त्याच्या कडा फाटतात.

आर-१२ ठेवू की आर-१३४ए वर जाऊ?

हे ट्रक आर-१२ साठी बनले. थंडीला तोड नव्हती. पण १९७४मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं की असे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७मध्ये ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियलचा करार झाला, अमेरिकेत १९९५च्या अखेरीस आर-१२चं उत्पादन थांबलं, आणि त्याच वर्षी त्या दोघांना पॉल क्रुट्झन यांच्यासोबत नोबेल मिळालं. जुना साठा आणि गाड्यांतून काढून शुद्ध केलेला गॅस अजून कायद्याने वापरता येतो, पण महाग आहे. तुमची यंत्रणा बंद, कोरडी आणि न गळणारी असेल, फक्त थोडा गॅस हवा असेल, तर आर-१२च ठेवा.

कॉम्प्रेसर बदलायला यंत्रणा उघडणारच असाल तर आर-१३४ए वर जा. त्यासाठी जुना गॅस परवानाधारकाकडून काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. भरण्याच्या तोंडांवर आर-१३४एची वेगळी फिटिंग बसवायची, बॉनेटखाली बदलाचं लेबल लावायचं. दाब वाढल्यावर गॅस बाहेर सोडणारी झडप यंत्रणेत असेल, आणि ए-६ व आर-४ दोन्हींवर ती असते, तर त्याआधीच कॉम्प्रेसर बंद करणारा हाय-प्रेशर स्विच बसवणं नियमाने बंधनकारक आहे. हा स्विच बहुतेक जण विसरतात.

रबरी होज जुने असतील तर आतून अस्तर असलेले नवे घ्या, कारण आर-१३४एचे कण लहान असतात आणि जुन्या रबरातून हळूहळू झिरपतात. ओ-रिंगा हिरव्या, एचएनबीआर जातीच्या रबराच्या.

तेल कोणतं आणि किती?

आर-१२ बरोबर खनिज तेल चालायचं. आर-१३४एमध्ये ते मिसळत नाही, कुठेतरी तळाला साचतं आणि कॉम्प्रेसर उपाशी राहतो. बदल केलेल्या गाडीत मी एस्टर तेल घालतो, उरलेसुरले जुन्या तेलाचे अंश ते सहन करतं. पीएजी तेलही चालतं, पण ते हवेतला दमटपणा स्पंजासारखं पितं. डबा उघडा ठेवून चहा प्यायला गेलात तर ते तेल टाकून द्या.

धुऊन कोरड्या केलेल्या यंत्रणेत ए-६ असेल तर साधारण १० औंस, म्हणजे तीनशे मिलिलिटरच्या किंचित खाली, आणि आर-४ असेल तर साधारण ६ औंस. काही कॉम्प्रेसर तेल भरून येतात, काही कोरडे, आणि काहींत नुसतं साठवणीचं तेल असतं. ओतून, मोजून, मगच भरा. बसवल्यावर गॅस भरण्याआधी क्लचची थाळी हाताने दहाबारा वेळा फिरवा. तेल पिस्टनवर साचलेलं असलं आणि थेट इंजिन मारलं, तर द्रव दाबला जात नाही, झडप मात्र तुटते.

ड्रायर बदलायलाच हवा का? दिसायला तर नवा आहे.

बदला. हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या वेळी मी नवा कॉम्प्रेसर बसवला, मोठ्या ऐटीत गॅस भरला आणि काही डॉलर वाचवायला जुना अ‍ॅक्युम्युलेटर ठेवला. केबिनची हवा थंड करणाऱ्या कूलिंग कॉइलच्या पुढचा तो अ‍ॅल्युमिनियमचा डबा, लोक त्यालाही ड्रायरच म्हणतात. यंत्रणा दोन दिवस उघडी होती, आतली पाणी शोषणारी पिशवी केव्हाच भरून गेली होती. पहिली वीस मिनिटं बर्फासारखी हवा, मग एकदम गरम. गाडी थांबवून अर्धा तास ठेवली की पुन्हा थंड. पाण्याचा अंश, कूलिंग कॉइलकडे गॅस सोडणाऱ्या ऑरिफिस ट्यूब नावाच्या नळीच्या बारीक भोकाशी गोठून वाट बंद करत होता आणि थांबल्यावर वितळत होता. पंधरवडाभर मी त्या नव्या कॉम्प्रेसरला शिव्या घातल्या. दोष माझ्या काटकसरीचा होता.

आणि गोठणं हा त्यातला सौम्य भाग. पाणी, तेल आणि गॅस एकत्र गरम झाले की आम्ल बनतं, ते आतून धातू खातं. जुना कॉम्प्रेसर कशाने मेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये, असं मी प्रत्येकाला सांगतो. प्रत्येक जण मान डोलावतो आणि आधी कॉम्प्रेसर मागवतो.

यंत्रणा धुवावी का?

आधी ऑरिफिस ट्यूब काढून तिची जाळी बघा. या गाड्यांवर ट्यूब बहुधा पांढरी असते. जाळी स्वच्छ असेल तर सुटलात. त्यावर राखाडी चिखल किंवा चकाकणारा चुरा असेल तर जुना कॉम्प्रेसर विरघळून सगळीकडे पसरला आहे. कूलिंग कॉइल आणि नळ्या फ्लश नावाच्या द्रावणाने धुवायच्या, मग कोरड्या नायट्रोजनने फुंकायच्या. कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरपुढची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, मूळचा नळी-आणि-पत्र्यांचा असेल तर धुता येतो. नव्या धाटणीचा, बारीक समांतर वाटांचा असेल तर त्यात अडकलेला चुरा निघत नाही, तो बदला. कॉम्प्रेसर आणि ड्रायर कधीच धुवायचे नाहीत.

व्हॅक्यूम किती वेळ मारायचा?

गॅस भरण्याआधी पंपाने यंत्रणेतली हवा ओढून काढायची, किमान पाऊण तास, दमट गावात जास्त. ह्यूस्टनची हवा म्हणजे ऑगस्टातली मुंबई, तिथल्या मित्राला मी दोन तास सांगतो. इथे पोकळी करण्याचा उद्देश पाणी उकळवणं हा आहे: पाऱ्याच्या २९ इंचांच्या व्हॅक्यूमला पाणी २५ अंशांनाच उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. पंप बंद करून अर्धा तास काटा बघा. काटा हलला नाही म्हणून गळती नाही असं मात्र होत नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरचा दाब जेमतेम १५ पीएसआय आत ढकलतो, चालू एसीत आतून दोनशेच्या वर ढकलला जातो. खरी परीक्षा म्हणजे आधी १५० पीएसआय नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावणं.

गॅस किती आणि कसा भरायचा?

बॉनेटखालच्या लेबलवर आर-१२चं वजन लिहिलेलं असतं. आर-१३४ए त्याच्या ८० ते ८५ टक्के भरून थांबा आणि गेज बघा. गॅसचा डबा उभा धरून, वाफ, लो साइडने, म्हणजे कमी दाबाच्या बाजूने. उलटा धरला की द्रव जातो. इंजिन चालू असताना हाय साइडची, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूची, झडप डब्याकडे कधीही उघडायची नाही. तो दाब डब्यात शिरला तर डबा फुटतो. हे वाक्य पुन्हा वाचा.

तिशीतल्या तापमानात, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर, लो साइड २५ ते ४० आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय दिसली तर थांबा. ‘अजून थोडा घालू, अजून थंड होईल’ या मोहाने जास्त कॉम्प्रेसर मेले आहेत. नवा क्लच असेल तर वीस-एक वेळा चालू-बंद करून त्याचे पृष्ठभाग एकमेकांवर बसू द्या.

हे सगळं घरी करणं कायदेशीर आहे का?

अमेरिकेत पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाडीचा एसी करायला ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने मान्य केलेलं कलम ६०९चं प्रमाणपत्र लागतं, आर-१२ विकत घ्यायलाही. ऑनलाइन परीक्षा आहे, पुस्तक उघडून देता येते, लाजण्यासारखी अवघड नाही. आर-१३४एचे छोटे डबे स्वतःच्या गाडीसाठी कोणालाही मिळतात, २०१८पासून त्यांना आपोआप बंद होणारी झडप असणं सक्तीचं झालं. गॅस हवेत सोडणं मात्र सगळ्यांनाच मना आहे. गेज आणि व्हॅक्यूम पंप विकत घ्यायची गरज नाही, स्पेअर पार्टची मोठी दुकानं अनामत घेऊन उसने देतात.

गळती बंद करणारा डबा टाकू का? प्रोपेनवाला गॅस स्वस्त मिळतो, तो?

दोन्हीला नाही. पहिला घट्ट होऊन ऑरिफिस ट्यूब बुजवतो आणि गॅरेजवाले अशी गाडी त्यांच्या यंत्राला जोडूच देत नाहीत. दुसरा पेट घेतो, आणि आर-१२च्या गाडीत तो घालायला ईपीएची बंदी आहे. कूलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर असते, एवढंच सांगतो.

रस्त्यावर थंड, सिग्नलला गरम. कॉम्प्रेसर कमजोर आहे का?

बहुतेक वेळा कंडेन्सरवर वारा कमी पडतोय. पंख्याचा क्लच गेलेला, रेडिएटरभोवतीचं प्लास्टिकचं कवच मागच्या मालकाने काढून टाकलेलं, किंवा दोन जाळ्यांमध्ये चाळीस वर्षांचा कचरा. सिग्नलला उभं असताना कंडेन्सरवर पाण्याची धार सोडा. हाय साइडचा दाब धाडकन उतरला आणि हवा थंड झाली, तर कॉम्प्रेसरला हात लावू नका.

भारतातल्या जुन्या ट्रकला यातलं काही लागू पडतं का?

जुन्या टाटा-बेडफर्डच्या केबिनला कारखान्यातून एसी नव्हताच, खिडकी हाच एसी. आता १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. चालकांना हे पन्नास वर्षं आधी मिळायला हवं होतं. नंतरून एसी बसवलेल्या जुन्या जीप आणि पिकअपना मात्र वरचं तेल, ड्रायर आणि व्हॅक्यूमचं सगळं जसंच्या तसं लागू.

हिवाळ्यात काही करायचं का?

पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे शाफ्टचं सील तेलाने ओलं राहील. काचेवरचं धुकं काढायला डीफ्रॉस्ट लावलात तर बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर आपोआप चालतो. कडाक्याच्या थंडीत क्लच लागला नाही तर घाबरू नका, दाब कमी असल्याने स्विचच लागू देत नाही. दुपारी ऊन आल्यावर बघा.